केवळ मूळ वेगावरून तुलना करू नये
इंटेलच्या दोन लॅपटॉप प्रोसेसरांपैकी जुन्या आय५-७२००यूचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि नव्या आय५-८२५०यूचा अवघा १.६, म्हणून जुना प्रोसेसर सरस, हा निष्कर्ष मला पटत नाही. मूळ वेग म्हणजे सर्व गाभे (कोअर, प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) राबत असताना ठरलेल्या १५ वॅटच्या मर्यादेत टिकणारा वेग. २०१६ च्या ७२००यूमध्ये ही वीज दोनच गाभ्यांत वाटली जाते, तर २०१७ च्या ८२५०यूमध्ये चार गाभ्यांत, त्यामुळे आकडा खाली येणे स्वाभाविकच आहे. एकाच गाभ्यावरचे काम असेल तेव्हा ८२५०यू ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, ७२००यू ३.१ वर थांबतो. व्हिडिओ संपादन किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणे (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणे) अशा कामांत चार गाभे, आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) आणि दुप्पट, म्हणजे ६ एमबी कॅश (प्रोसेसरमधील जलद स्मृती) यांचा फरक ठळक जाणवतो. मात्र लॅपटॉप फार पातळ असून पंखा दुबळा असेल, तर काही मिनिटांत तापून ही आघाडी बरीच घटते. ग्राफिक्स जवळपास सारखेच, तेव्हा खेळांसाठी दोन्हींकडून फार अपेक्षा नको.

किमतीचा विचार करताना मला निर्णायक वाटते ती गोष्ट वेगळीच आहे: विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत ८२५०यू आहे, ७२००यू नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अपडेट) ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. लिनक्स वापरणार असाल आणि काम लेखन-वाचनापुरतेच असेल, तर स्वस्तातला ७२००यू घेऊन वाचलेल्या पैशांत एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवणे अधिक शहाणपणाचे.