मदत हवी आहे – रेसिंगचा नंबर नक्की कसा मिळतो?

नमस्कार मंडळी, मी कात्रजची. धाकटा भाऊ यंदा पहिल्यांदा चेन्नईच्या ट्रॅकवर बाइक रेसिंगच्या नोव्हाइस म्हणजे नवख्यांच्या गटात उतरतोय, एफएमएससीआयच्या (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्सचं चाललंय, पण बाइकवर लावायच्या नंबरावर गाडी अडलीये. त्याला २७ च हवाय कारण बाबांच्या पहिल्या राजदूतच्या पाटीवर शेवटी २७ होतं, आणि बाबा गेल्यापासून तो त्या आकड्याला फार जपतो.

मला एवढं माहितीये की १ नंबर चॅम्पियनचा असतो, काही क्लबात मागच्या सीझनच्या क्रमवारीनुसार लहान नंबर देतात आणि उरलेल्यांतून नवीन लोक निवडतात. इटलीचा बाइक रेसर वॅलेंटिनो रॉसीने तर चॅम्पियन होऊनही वडिलांचा ४६ सोडला नाही, आणि २०२२ ला मोटोजीपी या जागतिक बाइक स्पर्धेत तो नंबर कायमचा रिटायर केला. म्हणजे आकड्यात जीव गुंतणारा माझा भाऊ एकटाच नाही.

पण आपल्याकडे कसं चालतं? नंबर सीझनभर आपलाच राहतो का दर रेसला नव्याने मागायचा? २७ आधीच कोणाकडे असेल तर १२७ किंवा २७० चालतो का? आणि ७ कसा काढायचा, आडवी रेघ देऊन का साधा? काळा झेंडा (म्हणजे ट्रॅक सोडून आत ये) दाखवताना सोबत रायडरचा नंबर दाखवतात, म्हणून लांबून १ आणि ७ मध्ये गोंधळ झालेला मला अजिबात नकोय. स्टिकर पुण्यात कुठे नीट कापून मिळतील तेही सांगा, पुढे आणि दोन्ही बाजूंना लावायचेत. ज्यांनी स्वतः फॉर्म भरलाय त्यांनी प्लीज लिहा, रविवारपर्यंत द्यायचाय.