मदत हवी: यूएपीए गुन्ह्यात अटकेचा कागद, नव्वदावा दिवस आणि मंजुरी

लाइन_बझार
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात तपासी अंमलदार आणि ज्युनिअर सरकारी वकील अशा मिश्र गटापुढे दीड तास बोलायचे आहे. विषय: यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) खालचा दहशतवादविरोधी तपास आणि आरोपीचे हक्क. 'मानवी हक्क' हा शब्द ऐकला की निम्मे लोक मोबाईल काढून बसतात. म्हणून एवढेच सांगायचे ठरवले आहे, की कोणता कागद चुकला म्हणजे पक्की केस कोर्टात गळते. तीन गोष्टी हव्यात. अटकेची कारणे लेखी द्यायची म्हणजे काय लिहायचे? आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र द्यायचे नव्वद दिवस कुठून मोजायचे आणि मुदतवाढ कुणाकडे मागायची? खटला चालवायला शासनाची जी मंजुरी लागते, तिच्यात काय बिघडते? बचावाकडून उभे राहणाऱ्यांनीही लिहा, भोके तुम्हालाच जास्त दिसतात.

करवीर_फौजदारी
तुमच्या प्रश्नांच्या आधीची चूक सांगतो. यूएपीएच्या चौथ्या आणि सहाव्या प्रकरणातल्या गुन्ह्याचा तपास पीएसआय किंवा एपीआय करू शकत नाही. कलम ४३ प्रमाणे जिल्ह्यात किमान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी लागतो. फिर्यादीत सुरुवातीला साधी कलमे असतात, यूएपीए मागाहून लागते, आणि पुढचे चार पंचनामे जुन्याच अंमलदाराच्या सहीने होतात. उलटतपासात पहिला प्रश्न तिथेच येतो. दुसरे, गुन्हा नोंद झाला की एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायद्याच्या कलम ६ खाली त्याचा अहवाल लगेच राज्य शासनाकडे जायला हवा. तपास पुढे राज्याकडेच राहणार असला तरी हे टळत नाही.

आता अटक. छापील फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असतो आणि त्यात ठरलेली वाक्ये असतात: 'पुन्हा गुन्हा करू नये म्हणून', 'पुराव्यात ढवळाढवळ करू नये म्हणून'. ही वाक्ये कुठल्याही आरोपीला चिकटतात, म्हणून ती पुरत नाहीत. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात (१५ मे २०२४) सुप्रीम कोर्टाने नेमका हाच फरक केला: सगळ्यांना लागू होणारी कारणे वेगळी, आणि त्या एका माणसाला का धरले याचे आधार वेगळे. आधार लेखी दिले नव्हते म्हणून ती अटक आणि रिमांड (कोर्टाने दिलेली कोठडी) दोन्ही बेकायदा ठरले. लिहायचे ते असे: 'अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, तुमच्या ताब्यातल्या फोनवरून अमुक बंदी असलेल्या संघटनेसाठी पैसे मागणारे संदेश गेल्याचे पंचनाम्यात दिसले, म्हणून कलम १७ आणि ४०.' चार ओळी चालतात, पण त्या त्याच माणसाच्या हव्यात. गुप्त खबऱ्याचे नाव त्यात घालायची गरज नाही.

पंचगंगा_घाट
वरच्यात एक भर. मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन (६ नोव्हेंबर २०२५) या निकालानंतर ही गोष्ट यूएपीएपुरती उरलेली नाही, प्रत्येक गुन्ह्याला लागू आहे. कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. अटकेच्या क्षणी खरोखरच शक्य नसेल तर तोंडी सांगून चालेल, पण रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. अकराला कोर्टात उभे करणार असाल तर नऊच्या आत. आपल्याकडे भाषेची गंमत वेगळीच. निपाणीकडचा कन्नड बोलणारा माणूस असेल आणि हातात इंग्रजी टाइप केलेला कागद दिला, तर सही असूनही उपयोग नाही. त्या भाषेतली प्रत द्या, पोच घ्या, पोचेवर तारखेबरोबर वेळ लिहून घ्या आणि तीच वेळ स्टेशन डायरीत घ्या. दोन ठिकाणी वेगवेगळी वेळ पडली की काम संपले.

मोरेवाडी
म्हणजे कागद राहिला तर आरोपी कायमचा सुटला? मग एका कारकुनी चुकीवर बॉम्बस्फोटातला माणूस बाहेर.

पंचगंगा_घाट
नाही दादा. त्याच निकालात वाट ठेवली आहे. अटक बेकायदा ठरते, त्याला सोडावे लागते. पण लेखी कारणे देऊन कोठडीसाठी पुन्हा सकारण अर्ज करता येतो. नुकसान होते ते मधल्या दिवसांचे.

बचाव_बाक
मी समोरच्या बाकावरून लिहितो. नव्वद दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजतात, आणि रिमांडचा दिवस धरून (कपिल वाधवान प्रकरण, मार्च २०२३). उदाहरण घ्या. अटक २ जानेवारी २०२६ च्या रात्री, रिमांड ३ जानेवारीला. जानेवारीचे २९, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, झाले ८८. नव्वदावा दिवस २ एप्रिल. ३ एप्रिलला गुड फ्रायडे. पोलिसांना वाटते सुट्टीमुळे एक दिवस मिळाला. मिळत नाही. करोनाच्या टाळेबंदीतही ही मुदत वाढली नव्हती (एस. कासी, २०२०). आम्ही ३ तारखेला सकाळीच सुट्टीच्या कोर्टात डिफॉल्ट बेलचा, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज लावतो. लेखी जमले नाही तर तोंडीसुद्धा चालतो, हे राकेश कुमार पॉल प्रकरणात २०१७ मध्येच ठरले आहे. अर्ज आधी आणि दोषारोपपत्र नंतर आले, तर हक्क बुडत नाही. उलट झाले तर मात्र गेला. म्हणून दोन्ही कागदांवरचा इनवर्डचा (कोर्टातल्या आवक नोंदीचा) शिक्का आणि वेळ बघा, सगळी मारामारी त्या शिक्क्यावर होते.

नव्वदवरून १८० दिवसांपर्यंतची मुदतवाढ आपोआप मिळत नाही. कलम ४३ड(२) ला सरकारी अभियोक्त्याचा अहवाल लागतो, तपासी अंमलदाराचे पत्र नव्हे. त्या पत्राला वर 'सादर' लिहून सही ठोकली, तर तो अहवाल होत नाही. हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात टाडाच्या (जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या) अशाच तरतुदीवर १९९४ लाच हे सांगून झाले आहे. अहवालात तपास कुठवर आला ते हवे, आणि पुढची कोठडी का हवी ते वेगळे हवे. 'तपास अपूर्ण आहे' हे कारण नाही. 'अमुक तीन फोनचा न्यायवैद्यक अहवाल यायचा आहे, तो आल्यावर आरोपीकडे अमुक विचारपूस करायची आहे' हे कारण.

आणि आरोपीला त्या दिवशी हजर करा, निदान व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर), आणि मुदतवाढ मागितली आहे हे त्याला सांगितल्याची नोंद कोर्टाच्या रोजनाम्यात घ्या. जिगर अडातिया प्रकरणात (२०२२) एवढ्यावरच मुदतवाढ रद्द झाली.

लाइन_बझार
मुदतवाढ मॅजिस्ट्रेटकडे मागितली तर?

बचाव_बाक
तर आमचे काम सोपे. बिक्रमजीत सिंग (२०२०) आणि सादिक (२०२१) वाचा: तपास राज्य पोलिसांकडे असला तरी अधिकार विशेष न्यायालयालाच, ते नेमलेले नसेल तिथे सत्र न्यायालयाला. पुण्यातल्या एल्गार परिषद प्रकरणातल्या आरोपी सुधा भारद्वाज यांना मुंबई हायकोर्टाने १ डिसेंबर २०२१ ला याच मुद्द्यावर जामीन दिला. मुदत वाढवणारे सत्र न्यायाधीश विशेष न्यायाधीश म्हणून नेमलेले नव्हते. तेव्हा राजपत्रातली अधिसूचना फायलीतच लावून ठेवा.

करवीर_फौजदारी
मंजुरीचे राहिले. कलम ४५ खाली आधी स्वतंत्र प्राधिकरण पुरावा तपासून शिफारस करते, मग शासन मंजुरी देते. २००८ च्या नियमांत दोन्हींना सात-सात कामकाजाचे दिवस आहेत, आणि फुलेश्वर गोपे निकालाने (सप्टेंबर २०२४) ती मुदत बंधनकारक केली. बिघडते कुठे? अर्धवट बाड पाठवले जाते, मग त्रुटी निघते, आणि सात दिवस तिथेच खर्च होतात. पंचनामे, जबाब, सगळे अनुक्रमणिकेसह एकदाच पाठवा आणि पोचल्याची तारीख जपा. शिफारशीत 'पुरावा पाहिला' एवढेच नको, काय पाहिले ते दिसू द्या.

फोनबद्दल एक. जप्तीचे चित्रीकरण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचे आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांत असते, दुसरा भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (डेटा बदलला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) लागते. फोन सील करण्याआधी ठाण्यातल्या कुणी 'जरा बघू' म्हणून उघडला, तर ते हात नंतर लॉगमध्ये दिसतात.

सीपीआर_चौक
वैद्यकीय तपासणी कुणीच लिहिली नाही. डी. के. बसू प्रकरणाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी. यूएपीएत पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत जाते, म्हणजे फायलीत पंधराच्या आसपास दाखले दिसायला हवेत. सात सापडले की बाकीच्या दिवसांत काय केले, हा प्रश्न येणारच. आणि ते दाखले पोलिसांच्याही कामाचे आहेत, मारहाणीचा खोटा आरोप त्यानेच खोडता येतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब यूएपीएत पुरावा होत नाही, मोक्कासारखी (राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यासारखी) सोय इथे नाही. त्यामुळे कोठडीत जोर लावून हाती काहीच लागत नाही.

लाइन_बझार
फार उपयोग झाला. शेवटचे: विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर हायकोर्टात नेहमीचा जामीन अर्जच ना?

बचाव_बाक
नाही, इथे भले भले चुकतात. एनआयए कायद्याच्या कलम २१ खाली अपील, तेही दोन न्यायमूर्तींपुढे. मुदत ३० दिवस, कायद्याच्या शब्दांप्रमाणे उशीर माफ होतो तो ९० पर्यंतच, पण त्यापुढचाही माफ करता येतो असे मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये धरले आहे. कलम ४३ड(५) चा अडसर, म्हणजे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही, तिथेही असतो. पण खटला वर्षानुवर्षे रखडला असेल तर के. ए. नजीब (२०२१) घेऊन राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ वर (जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कावर) बोला. मुंबईची गाडी पकडायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात आहे. फक्त आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.