पाळीच्या तोंडावर येणारे मुरूम आणि मिसळीची तर्री: दोष कुणाचा?

गोदाकाठची:
आमच्या मावसबहिणीला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम येतात. मोठे, ठणकणारे, पाळीच्या आठवडाभर आधी हमखास. घरात एकच निदान: "उष्णता झालीय, तिखट बंद कर." त्यामुळे परवा गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो तर बाईंनी तर्रीला हात लावला नाही. दह्यात मटकी कालवली, सोबत तीन पाव, वर दोन जिलब्या आणि गोड चहा. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी असतेच.

माझं म्हणणं असं की खाणं बदलून असे मुरूम कमी होऊ शकतात, पण आपण नेमकं चुकीचं सोडतो. तिखटाने मुरूम येतात याला धड पुरावा नाही. पाव, जिलबी, साबुदाणा यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं. इन्सुलिन वाढलं की अंडाशयातून अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, जास्त सुटतं, आणि त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. मोकळं अँड्रोजेन तैलग्रंथींना कामाला लावतं. २००७ साली मेलबर्नच्या संशोधकांनी साखर हळू चढवणारा आहार १२ आठवडे देऊन पाहिला. त्या गटाचे मुरूम सरासरी २३ ने कमी झाले, नेहमीचं खाणाऱ्यांचे १२ ने. तेव्हा तर्री खुशाल खा, जिलबी सोडा.

सिडकोवाली:
ताई, तोच अभ्यास पुढचंही सांगतो. त्यात होते ४३ जण, सगळे १५ ते २५ वयाचे मुलगे. पाळीआधी हनुवटीवर मुरूम येणारी एकही बाई नाही. शिवाय आहार बदललेल्यांचं वजनही जवळजवळ ३ किलो उतरलं. मग गुण कशाचा, भाकरीचा की उतरलेल्या वजनाचा? आणि काहीही न सोडलेल्यांचेही १२ गेलेच की!

मला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाचा तो संप्रेरकांचा विकार. साखर सोडली, मैदा सोडला, सकाळी दुधीचा रससुद्धा प्यायले. जबडा तसाच. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी अँड्रोजेनला अडवणारी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, दिली, तेव्हा कुठे चेहरा निवळला. राग त्याचा नाही. राग याचा येतो की हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "काय खातेस गं हल्ली?" मुरूम म्हणजे जिभेवर ताबा नसल्याचा दाखलाच जणू. असे धागे त्याला खतपाणी घालतात.

गोदाकाठची:
हळदीकुंकवाचं शंभर टक्के मान्य. मुलग्यांचा मुद्दाही बरोबर. पण पीसीओएसमध्ये तर इन्सुलिनचा घोळ बहुतेकींना असतोच, म्हणजे तिथे आहाराला वाव जास्तच. तुम्हाला गुण आला नाही म्हणून कुणालाच येणार नाही, हे कसं?

सिडकोवाली:
आणि वाव आहे म्हणजे गुण येतोच, हे तरी कसं? अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये मुरुमांवरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आहाराबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

कॉलेजरोडचा पैलवान:
मधे बोलतो, माफी. जिमला लागलो, व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासूनची प्रथिन पावडर) सुरू केलं, पाठभर फोड. बंद केलं, गेले. अजून काय पुरावा पाहिजे?

सिडकोवाली:
दादा, त्याच काळात उन्हाळा संपला असेल, घट्ट टी-शर्ट बदलला असेल. एकट्याच्या पाठीवरून नियम निघत नाही.

गोदाकाठची:
पण त्याचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. व्हे घेणाऱ्या मुलांना असे फोड आल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्यात. दुधाचंही तसंच. ४७,३५५ अमेरिकन परिचारिकांच्या अभ्यासात, शाळेच्या वयात जास्त दूध पिणाऱ्यांत मुरुमांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, आणि साय काढलेल्या दुधाचा संबंध अधिक ठळक होता. आता कमकुवत बाजू मीच सांगते: त्या बायकांना शाळेत काय प्यायलो ते मोठेपणी आठवून लिहायचं होतं. मला काल काय भाजी होती ते आठवत नाही. त्यामुळे दूध सोडाच असं मी कुणाला म्हणणार नाही. आपल्याकडे कित्येक बायकांच्या पोटात दुधाव्यतिरिक्त कॅल्शियम जातंच किती?

पंचवटीकर काका:
आमच्या नातीने गहू-साखर बंद करून नागलीची (नाचणीची) भाकरी धरली. पेठहून नागली आणतो. चालेल ना?

सिडकोवाली:
काका, नागली उत्तमच. पण बारीक दळलेल्या पिठाची भाकरी, कुठल्याही धान्याची असो, साखर बऱ्यापैकी चढवते. सोबत मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असू द्या म्हणजे वेग कमी होतो. आणि हो, नातीची पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर भाकरीवर भागवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

सातपूरचा केमिस्ट:
तुम्ही ताटावर भांडताय. माझ्या काउंटरवर रोज मुली मैत्रिणीने सांगितलेली "गोरं करणारी" ट्यूब मागतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. आठ दिवस चेहरा चकाकतो, पुढे कातडी पातळ होते आणि मुरूम दुपटीने येतात. मग पुन्हा मलाच विचारतात, "दादा, तिखट बंद करू का?" चिठ्ठीशिवाय मी देत नाही, पण बाहेर मिळते.

गोदाकाठची:
हे आधीच यायला हवं होतं. बहिणीच्या ड्रेसिंग टेबलचा खण आजच तपासते.

सिडकोवाली, गोळीला माझा विरोध नाहीच. ती सुरू असतानाही जिलबी सोडता येते. फक्त १२ आठवडे नीट पाळून, दर पंधरवड्याला एकाच खिडकीच्या उजेडात फोटो काढून बघायला काय हरकत आहे?

सिडकोवाली:
काही नाही. पण गुण आला नाही तर तिला "नीट पाळलं नसशील" म्हणायचं नाही, एवढं कबूल करा. आणि स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाही, म्हणून हा धागा वाचून कुणी परस्पर सुरू करू नये.

गोदाकाठची:
कबूल.

पंचवटीकर काका:
फेब्रुवारीत द्राक्षाच्या पेट्या येतील घरात. त्यांचं काय करायचं ते कुणी बोललंच नाही.

गोदाकाठची:
काका, वाटीभर खाऊ द्या. रस काढून नको.

सिडकोवाली:
द्राक्षांवर पुरावा दाखवा. 😄