डाळिंबाच्या पानांचा डीएनए चहासारखा येतोय, पीसीआर लागत नाही

भगवा_एमएस्सी

नमस्कार मंडळी. सोलापुरातून विचारतोय, एमएस्सी बायोटेकचा प्रोजेक्ट आहे. ‘भगवा’ या डाळिंबाच्या जातीच्या पानांतून डीएनए काढून डीएफआर या रंगाशी संबंधित जनुकाचा साधारण १००० बेसपेअरचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा आहे. पद्धत अशी: पानं सांगोल्याच्या बागेतून प्लास्टिकच्या पिशवीत आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटली. २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), १.४ मोलर मीठ, पीव्हीपी नाही. मर्कॅप्टोइथेनॉल (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) ०.२ टक्के, बाटलीत आधीच मिसळून ठेवलेलं. ६५ अंशांवर ३० मिनिटं, क्लोरोफॉर्म एकदा, सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर, मग आयसोप्रोपॅनॉल घालून रात्रभर मायनस २० ला.

पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) तपकिरी आणि चिकट. नॅनोड्रॉपवर (प्रकाशाच्या शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) ९४० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, शुद्धतेची गुणोत्तरं कमी: २६०/२८० १.५२ आणि २६०/२३० ०.६. जेलवर विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेतच) चमक, खाली धूसर पट्टा. २ मायक्रोलिटर थेट घालून पीसीआर केला तर काहीच नाही. एकदाच बँड मिळाला होता, तो क्लोन केला (जिवाणूत घालून वाढवला). एका कॉलनीच्या सिक्वेन्समध्ये डेटाबेसपेक्षा एक अक्षर वेगळं आलं, ए च्या जागी जी. हे म्युटेशन म्हणून लिहू का? शिवाय पुढे सालीतलं एक्स्प्रेशनही (जनुक किती काम करतंय ते) बघायचं आहे, त्यासाठी हाच डीएनए चालेल का?

खलबत्ता

तुमचा डीएनए सोलापुरात पोहोचायच्या आधीच बिघडलाय ओ. डाळिंबाचं पान टॅनिनने भरलेलं असतं. पान मरगळलं की पेशीतले कप्पे फुटतात, पॉलिफिनॉल (टॅनिनसारखी रसायनं) आणि ते ऑक्सिडाइज करणारं एन्झाइम एकत्र येतात आणि क्विनोन तयार होतात. हे क्विनोन डीएनएला रासायनिक बंधाने चिकटतात. एकदा पेलेट तपकिरी झाला की कितीही धुवा, रंग जात नाही आणि तो डीएनए एन्झाइमांच्याही कामाचा राहत नाही. ती ट्यूब वाचवण्यात वेळ घालवू नका.

झाडापासूनच नवी सुरुवात करा. शेंड्याची लालसर कोवळी पानं सकाळी तोडा, जून पानात टॅनिन आणि चिकट पॉलिसॅकराइड (साखरींच्या लांब साखळ्या) दोन्ही जास्त. ओल्या टिश्यूत गुंडाळून बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका. लांबून आणायची असतील तर पानाच्या दहापट वजनाचं सिलिका जेल डबीत घाला, २४ तासांत पान कडकडीत सुकायला हवं. निळे दाणे गुलाबी झाले की जेल बदला. लिक्विड नायट्रोजन मिळत असेल तर उत्तमच. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात, तेव्हा पुरवठादार कोण हे तिथे विचारता येईल. ते नसेल तर सिलिकावर सुकवलेलं पान कोरडंच वाटा, पूड छान होते.

बफर १०० मिलिलिटरसाठी: सीटॅब २ ग्रॅम, मीठ ११.७ ग्रॅम (म्हणजे २ मोलर, तुमच्या १.४ पेक्षा जास्त), १ मोलर ट्रिस पीएच ८.० चं १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ४ मिलिलिटर, पीव्हीपी-४० २ ग्रॅम. पीव्हीपी पॉलिफिनॉलला धरून ठेवतं, ते न घालणं ही तुमची सगळ्यात मोठी चूक. मर्कॅप्टोइथेनॉल मात्र बाटलीत कधीच नको, ते हवेत ऑक्सिडाइज होऊन निकामी होतं. दर मिलिलिटर बफरला २० मायक्रोलिटर, वापरायच्या क्षणी, फ्यूम हूडमध्ये.

१०० मिलिग्रॅम पूड आधी सॉर्बिटॉलने धुवा: ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ट्रिस, ५ मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी, १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. १ मिलिलिटर घाला, हलवा, ५००० जी वर ५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी फेका. ते बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत दोन-तीनदा. मग ६५ अंशांना तापवलेला सीटॅब ७०० मायक्रोलिटर, ४५ मिनिटं, दर १० मिनिटांनी ट्यूब उलटीपालटी. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ किमान दोनदा, मधला पांढरा थर दिसेनासा होईपर्यंत. वरचा थर घेताना लोभ नको, शेवटचे १०० मायक्रोलिटर सोडून द्या.

आणि ते ४ अंशांचं सेंट्रिफ्यूज बंद करा. साधारण १५ अंशांच्या खाली सीटॅब स्वतःच खाली बसतो. डिसेंबरात तर बाटलीतसुद्धा पांढरा साका दिसेल, तो गरम करून विरघळवायचा.

मायनस_२०

वरचं सगळं मान्य. रात्रभर मायनस २० ला ठेवण्याबद्दल तेवढं सांगतो. थंडीत जास्त वेळ ठेवलं की डीएनए जास्त मिळतो असं नाही, त्याच्यासोबत मीठ, सीटॅब आणि पॉलिसॅकराइड जास्त बसतं. तुमची विहिरीतली चमक म्हणजे हाच चिकटा असणार. क्लोरोफॉर्मनंतरच्या द्रवात निम्म्या आकारमानाइतकं ५ मोलर मीठ घाला, मग दुप्पट थंड इथेनॉल. जास्त मिठात पॉलिसॅकराइड विरघळलेलंच राहतं, डीएनए बाहेर येतो. १५-२० मिनिटं पुरे. त्यानंतर ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, नाहीतर हेच मीठ पीसीआरला नडेल.

९४० या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नॅनोड्रॉपला २६० वर शोषणारं सगळं सारखंच, त्यात आरएनए आला, फिनॉलही आलं. आरएनएज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर ३० मिनिटं, आणि मग ०.८ टक्के जेलवर माहीत असलेल्या लॅम्डा डीएनएशेजारी चालवून नजरेने अंदाज घ्या. तुमच्या ९४० मधले खरे ५० निघाले तरी नवल नाही.

पीसीआर का लागत नाही याची चाचणी सोपी आहे. हमखास लागणारी एखादी रिॲक्शन घ्या, तिच्यात तुमचा १ मायक्रोलिटर डीएनए घाला. ती बंद पडली तर तुमच्या डीएनएत इनहिबिटर (रिॲक्शन रोखणारा पदार्थ) आहे, प्राइमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) निर्दोष. मग १:१०, १:५०, १:१०० असं पातळ करून लावा. अशा नमुन्यांत १:५० ला बँड येतो आणि मूळ द्रावणाला येत नाही, हे नेहमीचं. सोबत बीएसए हे प्रथिन, २५ मायक्रोलिटरमध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ०.५ मायक्रोलिटर. पॉलिफिनॉल पॉलिमरेजऐवजी (प्रती बनवणाऱ्या एन्झाइमऐवजी) त्याला चिकटतं. हे सगळं होईपर्यंत ॲनीलिंग तापमानाशी (प्राइमर चिकटण्याच्या तापमानाशी) खेळू नका.

डीएनए काढायच्या तयार किटचा सल्ला कुणीतरी देईलच. थेट पानाचा लगदा किटच्या कॉलमवर टाकला तर कॉलम तुंबतो. क्लोरोफॉर्मपर्यंत सीटॅबने या, मग बाइंडिंग बफर घालून कॉलमवर चढवा.

एक सोलापुरी सूचना. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात आपली खोली ३८ ला असते. जेलला व्होल्टेज ५ व्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या वर नेलं की बफर तापून बँड हसल्यासारखे वाकतात. एन्झाइम ठेवायचा फ्रीझर ‘फ्रॉस्ट फ्री’ नको, तो बर्फ वितळवायला अधूनमधून स्वतःच गरम होतो.

तिसरा_बेस

म्युटेशनचं बोलू. एका कॉलनीवरून लिहू नका.

एक कॉलनी म्हणजे पीसीआरमधल्या एकाच रेणूची प्रत. साधा टॅक पॉलिमरेज दर दुप्पटीला लाख बेसमागे २ चुका करतो असं धरा (काही मोजमापांत जास्तच निघतात). १००० बेस, २५ दुप्पट, म्हणजे सरासरी दर दोन रेणूंमागे एक चूक. शिवाय टॅकच्या चुकांत सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ए-टी ची जोडी जाऊन जी-सी येणं. तुमचा बदल नेमका तोच आहे. क्लोन न करता पीसीआरचं उत्पादन थेट सिक्वेन्स केलं तर या चुका वेगवेगळ्या जागी विखुरतात आणि दिसत नाहीत. तेव्हा तीन स्वतंत्र पीसीआर, प्रूफरीडिंग (स्वतःच्या चुका सुधारणाऱ्या) पॉलिमरेजने, आणि प्रत्येकाचं दोन्ही दिशांनी सिक्वेन्सिंग. क्रोमॅटोग्राम (शिखरांचा आलेख) उघडून बघा, नुसती अक्षरांची फाइल नको. पहिले ३०-५० बेस आणि ७००-८०० च्या पुढचे धरायचेच नाहीत.

थेट सिक्वेन्समध्ये त्या जागी सारख्या उंचीची दोन शिखरं दिसली तर तो हेटरोझायगोट, म्हणजे दोन अलील (एकाच जनुकाच्या दोन आवृत्त्या). तुमच्या कॉलनीत त्यातलं एकच येणार. ‘भगवा’ गुटी कलमाने वाढवतात, त्यामुळे ही दोन अक्षरं पिढ्यान्पिढ्या तशीच टिकतात. याचा दुसरा अर्थ, एकाच बागेतली दहा झाडं म्हणजे दहा वेगळे नमुने नव्हेत, एकाच झाडाच्या दहा फांद्या समजा. आणि डेटाबेसमधला सिक्वेन्स दुसऱ्या जातीचा असेल तर फरकाला ‘म्युटेशन’ नाही, ‘व्हेरिएंट’ म्हणायचं.

मग परिणाम बघा. जनुकातली तीन-तीन अक्षरं एकेक अमिनो आम्ल ठरवतात. जीएए चं जीएजी झालं तर दोन्हीचा अर्थ ग्लुटामिक आम्ल, प्रथिनात काही बदल नाही. जीएजी चं जीटीजी झालं तर व्हॅलिन, सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनला नेमकं हेच होतं. तिथे त्या एका अक्षराने डीडीई-वन एन्झाइमची कापायची जागाही नाहीशी होते, म्हणून सिक्वेन्सिंग न करता जेलवर ओळखता येतं. तुमच्या बदलाने अशी कुठली जागा तयार होते किंवा जाते का ते तपासा, खूप नमुने स्वस्तात बघून होतील.

खलबत्ता

एक्स्प्रेशनला हा डीएनए चालणार नाही. पानात आणि सालीत डीएफआर जनुक तेच असतं, फरक किती एमआरएनए (जनुकाची आरएनए प्रत) बनतो यात. त्यामुळे सालीतून आरएनए काढावा लागेल. डाळिंबाच्या सालीवर ट्रायझॉल (आरएनए काढायचं तयार रसायन) बहुतेक फसतं. वरचाच सीटॅब वापरा, शेवटी १० मोलर लिथियम क्लोराइड पाव आकारमान घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा (इथे मात्र रात्र लागते). आरएनए बसतो, डीएनए आणि साखरी बऱ्याचशा वरच राहतात. पाण्याला ०.१ टक्का डीईपीसी (आरएनए तोडणारी एन्झाइमं निकामी करणारं रसायन) लावून रात्रभर ठेवून ऑटोक्लेव्ह करा. ट्रिसला डीईपीसी लावू नका, दोघांची रिॲक्शन होते.

उरलेल्या डीएनएसाठी डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) १ युनिट प्रति मायक्रोग्रॅम, ३७ ला १५ मिनिटं. मग आधी ईडीटीए ५ मिलिमोलर आणि नंतरच ६५ ला १० मिनिटं. ईडीटीएशिवाय तापवलं तर मॅग्नेशियममुळे आरएनएच तुटतो. प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक जोड-ट्यूब लावा. तिच्यात सिग्नल आला तर तुम्ही जीनोमिक डीएनए मोजताय. प्राइमर दोन एक्झॉनच्या (एमआरएनएत टिकणाऱ्या जनुकाच्या भागांच्या) सांध्यावर ठेवलेत तर हा घोळ बराच कमी होतो.

भगवा_एमएस्सी

धन्यवाद सर. मर्कॅप्टोइथेनॉलची बाटली एक महिन्याची होती. एक शेवटचं: त्याच पानांवर तेल्याचे (डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगाचे) डाग आहेत. १६एस या जिवाणू ओळखायच्या जनुकाचे सर्वसाधारण प्राइमर लावून जिवाणू दाखवता येईल का?

तिसरा_बेस

नाही. पानाच्या क्लोरोप्लास्टलाही स्वतःचा १६एस असतो, जवळपास त्याच लांबीचा. निरोगी पानालाही १५०० च्या आसपास झकास बँड येईल. तेल्याच्या झँथोमोनासपुरते प्राइमर घ्या. नाहीतर डागाच्या कडेचा तुकडा निर्जंतुक पाण्यात कुस्करून आधी न्यूट्रियंट अगारवर कॉलनी वाढवा आणि पीसीआर कॉलनीवर करा. निरोगी पान आणि नुसतं पाणी, दोन्ही कंट्रोल प्रत्येक वेळी.