पायथनचे असर्ट बंद केले तर स्क्रिप्ट सुसाट पळाली, असंच ठेवू का?

संत्रावाला_कोडर: नमस्कार मंडळी, कळमन्यातल्या एका अडत्यासाठी स्क्रिप्ट लिहून राहिलो, काटापट्ट्यांची सीएसव्ही वाचायची आणि शेतकऱ्यागणिक हिशेब काढायचा. सीझनच्या 2 लाख ओळींना सात-आठ मिनिटं लागत होती. मित्र म्हणे मायनस कॅपिटल ओ लावून चालव, असर्ट, म्हणजे अट खरी आहे का ते तपासून नसेल तर प्रोग्रॅम थांबवणाऱ्या ओळी, सगळे उडतात. लावलं तर पाच सेकंदात काम खल्लास! आता कायमचं हेच ठेवू का?

धंतोलीकर: थांब भाऊ. साध्या असर्टला अगदी 1 मायक्रोसेकंद धरला तरी 2 लाखांचे होतात 0.2 सेकंद, म्हणजे सात मिनिटं दुसरंच काहीतरी खाऊन राहिलं. लूपमधले असर्ट टाक इथे.

संत्रावाला_कोडर: दोनच आहेत दादा. एक वजन शून्यापेक्षा जास्त हवं, आन दुसरा पट्टी नंबर आधीच्या लिस्टमध्ये नको.

धंतोलीकर: सापडलं ना मग! तो दुसरावाला. लिस्टमध्ये शोधताना पायथन पहिल्यापासून एकेक नंबर ताडून पाहतो, आणि लिस्ट तर दर ओळीला वाढतच चालली, 2 लाख ओळींच्या तुलना जवळपास 2,000 कोटी होतात. लिस्टच्या जागी सेट घे, तिथे हॅशनं, म्हणजे नंबरावरूनच जागा काढून, थेट सापडतं. आणि हे चेक असर्टमध्ये नकोतच, इफ लावून व्हॅल्यूएरर फेक. असर्ट आपल्या कोडमधली चूक पकडायला असतो, बाहेरून आलेल्या डेटाची राखण करायला नाही. मायनस ओ लावलं की ती ओळ बाइटकोडमध्येच, म्हणजे पायथन प्रत्यक्ष चालवतो त्या रूपात, येत नाही, एक पट्टी दोनदा आली तर शेतकऱ्याच्या नावावर माल डबल चढेल आणि तुला पत्ताही लागणार नाही.

जुना_सीवाला: सीमध्ये एनडीबग डिफाइन केलं की हेच होतं. मी एकदा फाइलमधून रेकॉर्ड वाचायचा कॉलच असर्टच्या कंसात लिहून ठेवला होता, डीबग बिल्ड (चुका शोधायची आवृत्ती) एकदम बरोबर, रिलीज बिल्डमध्ये (वापरायला द्यायची, असर्ट बंद असलेली) रेकॉर्ड वाचलाच जाईना, दोन रात्री गेल्या त्यात. जावात तर असर्ट मुळातच बंद असतात, मायनस ईए दिल्याशिवाय चालत नाहीत. रस्टची सोय मला आवडते, साधा असर्ट रिलीजमध्येही राहतो आणि महागडा चेक डीबग असर्टमध्ये टाकता येतो.

संत्रावाला_कोडर: सेट लावला, इफ लावले, मायनस ओ काढून टाकलं. सहा सेकंद! आन तीन पट्ट्या डबल निघाल्या, कालच्या रनमध्ये चुपचाप हिशेबात गेल्या होत्या. अडत्याला आत्ताच फोन केला, चुकारे अजून वाटले नव्हते.