मदत हवी आहे: आरएक्स १३५ चढाला आरएक्स १०० च्या मागे का पडते?

नमस्कार मंडळी. घरी दोन यामाहा आहेत: बाबांची आरएक्स १०० आणि काकांकडून आलेली चार गिअरची आरएक्स १३५. एक ९८ सीसी, दुसरी १३२ सीसी. म्हणजे चढाला १३५ नेच पुढे जायला हवं. पण रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या चढावर १०० तिसऱ्या गिअरमध्ये सहज खेचते आणि १३५ ला दुसरा टाकावा लागतो.

कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा घातला. तोही थोड्याच दिवसांत पांढरट पडला, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. शिवाय थ्रॉटल सोडला तरी आयडलिंग लगेच खाली येत नाही, इंजिन क्षणभर तसंच चढं राहतं. मला वाटतं कुठूनतरी हवा ओढली जातेय. टू-स्ट्रोकला क्रँकचं ऑइल सील (क्रँकच्या टोकाशी हवा अडवणारी रबरी कडी) गेलं तरी असंच होतं ना? की आधी रीड व्हॉल्व्ह (इंजिनात गेलेलं मिश्रण परत येऊ न देणारी झडप) आणि इनटेकचा रबर बघू? सायलेन्सरमधला कार्बन अजून काढलेला नाही.

दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकांचे) मूळ दात किती, कुणाला नक्की माहीत आहे का? आधीच्या मेस्त्रीने १३५ चं बदललं असावं, अशी शंका आहे. इंजिन उघडायच्या आधी काय तपासू, ते कृपया सांगा. रत्नागिरी-चिपळूण भागात टू-स्ट्रोकचा जाणता मेस्त्री असेल तर तेही कळवा. काकांची गाडी आहे, नीट चालती करायचीच आहे.