ऊस गाळून आपला किनारा स्वच्छ होणार का?

खाडीकाठचा: पावसाळा लागला की समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे किनाऱ्यावर येतात, पायाला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत. २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं आदळली, तेव्हा ‘चित्रा’मधलं तेल रायगडच्या कांदळवनात शिरलं होतं. उसापासून काढलेलं इथेनॉल सांडलं तर पाण्यात विरघळतं, जिवाणू ते खाऊन टाकतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहेच. समुद्रात तेलाच्या नव्या विहिरी खोदण्यापेक्षा तेच वाढवा, असं माझं मत.

घाटावरची लेक: तुमचा किनारा वाचेल हो, आमच्या नदीचं काय? नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलंय. वर मळीपासून इथेनॉल काढलं की त्याच्या दहापट तरी काळं, घाण वासाचं सांडपाणी उरतं. ते ओढ्यात सुटलं की मासे मेलेच. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा केंद्राने डिसेंबरात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लगाम घातलाच ना?

सुकाणू: ‘चित्रा’ कंटेनरचं जहाज होतं, सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन. त्यात मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलविहिरींचा काय संबंध? देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. इथेनॉल दुप्पट केलंत तरी आयात घटेल, विहीर एकही बंद होणार नाही. आणि आमच्या बोटी डिझेलवर चालतात, हे कुणाच्या गावीही नाही!

खाडीकाठचा: आयात घटली तर टँकर कमी येतील. टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलाचेही गोळे होतात, ते का विसरता?

बोंडूवाला: ऊसच कशाला? काजूचे बोंडू बागेत कुजून जातात. उंडीच्या झाडाच्या बियांच्या तेलावर पूर्वी घरोघर दिवे जळायचे, त्याचं बायोडिझेल होतं. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, लावा उंडी.

सुकाणू: बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो, वेचायला गडी मिळत नाही, हंगाम जेमतेम दोन-तीन महिने. मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, काय झालं आठवतं? पडीक जमिनीत तेल पिकणार म्हणून २००३ नंतर केवढा गाजावाजा, बी मात्र बेताचंच धरलं. आणि सडा पडीक कुणी ठरवला? गुरं तिथे चरतात, पावसात फुलं येतात, कातळशिल्पं आहेत. रिफायनरी नको म्हणून ज्या सड्यासाठी भांडलो, तिथे आता इंधनाची लागवड करायची?

घाटावरची लेक: ह्यात मी सुकाणूंच्या बाजूने. त्यापेक्षा किनाऱ्यावरच्या हॉटेलांतलं तळणीचं तेल गोळा करा. त्याचंही बायोडिझेल होतं, डिझेलमध्ये मिसळता येतं. जास्तीची जमीन नको, पाणी नको.

सुकाणू: तेवढ्याने बंदरातल्या सगळ्या बोटी चालायच्या नाहीत, पण माझी ना नाही. भर समुद्रात इंजिन बसलं तर भरपाई कोण देणार, तेवढं आधी सांगा.